चावली ना?

मंगळवारी नाशिक-मालेगाव एसटीत, पिंपळगाव बसवंतच्या जरा अलीकडे, एका संत्र्याच्या गोळीने माझ्या दाढेवरची कॅप उपटून काढली. कॅप साडेसहा हजारांची. गोळी एक रुपयाची, तीही मी मागितलेली नव्हती. स्टँडवरच्या टपरीवाल्याने सुटे नाहीत म्हणून हातात कोंबली होती.

तळहातावर थुंकून पाहिलं, तर नारिंगी तुकड्यात कॅप रुतून बसलेली. शेजारचे टोपीवाले बाबा वाकून बघायला लागले.

“चावली ना?”

“हो.”

“गोळी चावत नसतात, भाऊ. चघळतात.”

माझी दाढ उघडी पडली होती आणि हा माणूस माझं क्रियापद दुरुस्त करत होता. वर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तसलीच गोळी काढली, कागद सोलला आणि तोंडात टाकली. “आता बघा. पिंपळगावला टाकली. मालेगावपर्यंत नेऊन दाखवतो.”

म्हणजे सत्तरेक किलोमीटर.

“जिभेवर ठेवायची नाही. गालात. डाव्या. आणि महत्त्वाचं म्हणजे बोलायचं नाही, बोललं की विरघळते,” हे ते पुढची वीस मिनिटं सांगत होते. वडाळीभोईला त्यांनी मला जीभ काढून दाखवली. गोळी होती. चांदवडला पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी पुराव्यासाठी कंडक्टरलाच बोलावलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, “बाबा, घाट लागलाय. जीभ आत घ्या.”

आता माझी बाजू. आमच्या घरी एका गोळीचे तीन वाटेकरी असत. सदऱ्याच्या टोकात गोळी धरून चिमणीच्या दातांनी फोडायची, म्हणजे उष्टी होत नाही. चावण्याचं शिक्षण मला तिथे मिळालं. एकाने चघळत बसायचं ठरवलं तर बाकीच्या दोघांनी काय त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं? चघळणारी माणसं एकुलती एक असावीत.

आणि ही गोळी म्हणजे आहे तरी काय? साखरेचा पाक दीडशे अंशांच्या आसपास आटवतात, पाणी जवळजवळ सगळं उडून जातं, आणि गार झाल्यावर त्याची खडीसाखर होत नाही, काच होते. शब्दशः काच. ती आपण पोरांच्या हातात देतो आणि वर सांगतो काय, तर ‘दात किडतील हं’. किडण्याइतका वेळ तरी मिळाला पाहिजे ना!

“आमच्या रावळगावची गोळी असती तर असं झालं नसतं,” बाबा म्हणाले. अभिमान खोटा नव्हता. वालचंद हिराचंदांनी मालेगाव तालुक्यातल्या त्या माळावर १९३३ साली साखरेचा कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. पाहुणा आला की खिशातून तीच निघायची. मी, थोडा खुनशीपणानेच, म्हणालो, “पान पसंद, मँगो मूड, सगळी नावं २०२४ साली रिलायन्सने घेतली. सत्तावीस कोटींना.”

बाबा राहूड घाट संपेपर्यंत गप्प होते. गोळी टिकली ती बहुधा त्यामुळेच.

मला वाईट वाटलं. पण दाढेत वारं शिरत होतं, त्यामुळे फार वेळ नाही.

मालेगावला ते उतरले, आणि मला वाटलं सुटलो. तर खिडकीवर टकटक. बाबा स्टँडवर उभे, बाहेर काढलेल्या जिभेवर टिकलीएवढं नारिंगी काहीतरी. मागच्या बाकावरच्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी कॅप परत चिकटवली, आठशे रुपये घेतले. त्या रात्री मी घड्याळ लावून बसलो. गोळी डाव्या गालात, तोंड बंद, बायकोच्या दोन प्रश्नांना उत्तर दिलं नाही. एकोणीस मिनिटांत गोळी संपली.

त्या सदऱ्याच्या खिशात किती गोळ्या होत्या, ते मी मोजायला हवं होतं.