खुलासा : श्री ठाणेदार मिशिगनचे गव्हर्नर नव्हते

‘चिकोडीत जन्मलेले श्री ठाणेदार अमेरिकेत मिशिगनचे गव्हर्नर झाले’ हा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

२०१८ साली ते गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उभे होते. तिसरे आले. उमेदवारी ग्रेचेन व्हिटमर यांना मिळाली, पुढे गव्हर्नरही त्याच झाल्या. (तिथला गव्हर्नर लोक निवडून देतात, आपल्या राज्यपालासारखा नेमला जात नाही.) ठाणेदार २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या ११० जागांच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे जवळपास आपल्या विधानसभेत, निवडून आले. २०२२ मध्ये जिंकून ते वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या संसदेतल्या प्रतिनिधीगृहात गेले. निवडणुकांचे अधिकृत निकाल कुणालाही पाहता येतात.

हरल्यावर दोनच वर्षांत पुन्हा उभं राहून जिंकणं मला फार मोलाचं वाटतं. कृपया चुकीचा मेसेज पुढे पाठवू नका.