झोपेला पैसे नाहीत म्हणे

झोपेच्या आजारांवर जिल्ह्यात काम करायला निधी मागितला, आणि निधी देणाऱ्यांकडून चौथ्यांदा तेच उत्तर आलं. "विषय चांगला आहे, पण आमच्या यादीत बसत नाही." मधुमेह बसतो, रक्तदाब बसतो, झोप तेवढी कुठेच बसत नाही! अहो, झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकला की रक्तातला ऑक्सिजन रात्रभर खाली-वर होतो, त्यातून रक्तदाबही चढतो. मग हा वेगळा विषय कसा?

जोरात घोरणं हे असा श्वास अडकण्याचं लक्षण असू शकतं, पण आमच्याकडे अजून 'घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय' असंच समजतात. माझ्या चुलत्यांच्या घोरण्याला घर वर्षानुवर्षं हसलं. तपासणी झाली तेव्हा साठी उलटली होती.

हंगामात रात्री सांगलीच्या कुठल्याही कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि स्टिअरिंगवर डोळे ताणून बसलेली पोरं. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की शेतकरी बॅटरी घेऊन पाणी पाजायला जातो आणि सकाळी परत कामाला. मोठ्या माणसाला किमान 7 तास झोप लागते, हे यांना सांगायचं कुणी?

शरीरातल्या घड्याळावरच्या संशोधनाला 2017 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, तेही प्रस्तावात लिहिलं. तरी प्रश्न तोच, "जिल्ह्यात रुग्ण किती, आकडा द्या." आकडा काढायलाच तर पैसे मागतोय ना!

आणि मार्चमध्ये जागतिक निद्रा दिनाला व्याख्यान द्या म्हणून फोन येतो. देतो की. पण या कामासाठी वर्षभर गावोगाव फिरणाऱ्या ताईंचा पगार कोण देणार?