नाशिकच्या पोरांची नावं कुठायत?

लांबलचक लिहिणार आहे, डोकं फिरलंय.

व्हिक्टोरिया फॉल्स, झिंबाब्वेची बाजू. धबधब्याला लागूनच डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश संशोधकाचा पुतळा आहे, १९३४ सालचा. चौथऱ्यावर मिशनरी, संशोधक, मुक्तिदाता अशी बिरुदं. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना मी हौसेनं म्हटलं, "याचं प्रेत वाहून नेणाऱ्यांत आपल्या नाशकात शिकलेली आफ्रिकन पोरं होती." काका म्हणाले, "ताई, जरा सरकता का? फोटोत येताय."

सरकले.

१८७३ च्या मे महिन्यात आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबतच्यांनी हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला आणि समुद्रापर्यंत चालत नेला. हजार मैलांहून जास्त, नऊ महिने! वाटेत एक इंग्रज अधिकारी म्हणाला, इथेच पुरा. नाही ऐकलं. मुंबईत शिकलेला चुमा, त्याचा सोबती सुसी, आणि जेकब वेनराइट. जेकबला लहानपणी गुलाम म्हणून धरलेलं. सुटल्यावर तो आपल्या नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये वाढला. त्या झाडावर नाव नि तारीख कोरली ती त्यानंच. आणि पुतळ्यापाशी यातलं एक नाव? मला तरी दिसलं नाही. फोटोत येत असतील!

हो, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लिव्हिंगस्टननं पोटतिडकीनं लिहिलं, झांझिबारचा बाजार बंद व्हायला त्याचा हातभार लागला. मान्य. पण १८६६ च्या मोहिमेत नाशिकच्या पोरांबद्दल डायरीत कुरकुर करणाराही तोच.

जेकब निदान लंडनला पोचला, वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये लिव्हिंगस्टनच्या शवपेटीला हात लावायला मिळाला. चुमा आणि सुसी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. ज्यांनी खांद्यावरून आणलं, त्यांनाच अंत्यविधी बघायला मिळाला नाही. काय म्हणावं याला?

काकांवर फार चिडले होते, खरं सांगते. मग जेवताना तेच हळूच म्हणाले, "त्या पोराचं नाव काय म्हणालात? नातवाला सांगतो." आता यांच्यावर किती वेळ रागावणार!

राग आहे तो आपल्यावरच. शरणपूर रोडवर शोरूम झाले, क्लासेस झाले, रोज ट्रॅफिक तुंबतं. नाशिककरांनो, जेकबच्या नावाची पाटी तिथे कुठे असेल तर फोटो टाका. नसेल तर वर्गणी काढू, माझे हजार धरा. काकांकडून पाचशे मी वसूल करते.