पोटापासून दूर धरा
ल्योंमध्ये परवा नवा फोन घेतला. खोक्यातल्या कागदावर स्पष्ट छापलंय: उपकरण गर्भवतीच्या पोटापासून दूर धरा. फ्रान्समध्ये 2020 पासून ही सूचना सक्तीची आहे. पाळणाघरांत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खोल्यांतलं वायफाय तर 2015 च्याच कायद्याने बंद झालं.

ते वाचलं आणि सांगलीची धाकटी बहीण आठवली. तिला सातवा लागलाय. शेजारच्या इमारतीवर टॉवर येतोय म्हणून सोसायटीत रोज वादावादी. सासूबाईंनी तिच्या फोनला ‘रेडिएशन शोषणारा’ स्टिकर चिकटवलाय. "दादा, बाळाला काही होणार नाही ना रे?"

तिची भीती उगाच नाही. गाभण उंदरांवर मोबाइलसारख्या 900 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडल्यावर पिल्लांच्या मेंदूत, यकृतात ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू साचल्याच्या खुणा दिसल्याचे बरेच प्रयोग आहेत, त्यातले कितीतरी तुर्कस्तानातले. पेशींची नासधूस दाखवणारं मॅलॉनडायअल्डिहाइड वाढतं, पेशींना सांभाळणारं ग्लुटाथायोन घटतं. पण वीतभर उंदराचं अख्खं अंगच लहरींत सापडतं. बाईच्या पोटात लहरी गर्भापर्यंत पोचेतो बऱ्याच विरलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या 2024 च्या आढाव्यानेही ऑक्सिडेटिव्ह ताणाबद्दलचा पुरावा फार कच्चा ठरवला. कच्चा म्हणजे खोटा नव्हे, आणि ‘काही धोका नाही’ असा दाखलाही नव्हे. म्हणून मला ती फ्रेंच ओळ पटते: न घाबरवता काय करायचं ते सांगते.

आपल्याकडे मात्र सगळा राग टॉवरवर. खरं तर टॉवरच्या लहरींची मर्यादा भारताने 2012 मध्येच आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. फ्रान्सने तेवढी खाली आणलेली नाही. टॉवर दूर गेला, रेंज कमी झाली की हातातला फोन जास्त जोर लावतो आणि तो असतो अंगाला चिकटून! तिला म्हटलं, स्टिकर काढ, त्याने फोनला आणखी जोर लावावा लागू शकतो. आडवी पडलीस की फोन पोटावर ठेवू नकोस, स्पीकरवर बोल, रेंज नसताना लांबलचक बोलणं नको.

आणि टॉवरवर भांडणाऱ्यांनी थोडा जीव चुलीच्या धुरावर आणि मिश्रीवरही खर्च करावा. या दोन्हींनी ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, बाळाचं वजन घटतं, याचे पुरावे टॉवरपेक्षा कितीतरी भक्कम आहेत. गरोदरपणातही मिश्री न सोडणाऱ्या बायका आपल्याकडे आजही आहेत, त्यांच्यासाठी कुठली सोसायटी बैठक बोलावते?

फोनच्या खोक्यातली ती ओळ मराठीतही छापली जावी, असं मला मनापासून वाटतं. तूर्त मीच ती लिहून बहिणीला पाठवली. रविवारच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे म्हणाली.