समुद्र ड्रायव्हरच्या बाजूला

मी निवृत्त झालो तेव्हा हिने एकच मागणी केली. रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघायचा, आणि जायचं ते समुद्राच्या कडेकडेने. पुणे-कोल्हापूर करून आंबा घाटाने उतरलं की थेट रत्नागिरी, हे मी मोबाइलवर नकाशा उघडून दोनदा समजावलं.

"अहो, राजवाडा काय, पोचल्यावर दिसणारच आहे. वाटेत काय दिसतं ते बघायचंय."

बत्तीस वर्षांच्या संसारात नकाशा कधी जिंकलेला नाही. पहाटे पाच वाजता नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून निघालो. कसारा घाट उतरायच्या आत डब्यातल्या मेथीच्या पुऱ्या निम्म्या झाल्या होत्या. पनवेल, माणगाव करत रात्री दापोलीत. इथवर समुद्राचा थेंब नाही, त्यामुळे भांडणही नाही.

दुसऱ्या दिवशी लाडघरच्या पुढे समुद्र दिसू लागला आणि घोटाळा ध्यानात आला. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना समुद्र येतो उजव्या हाताला. आपल्याकडे स्टेअरिंगही उजव्या हाताला. म्हणजे समुद्र माझ्या बाजूला आणि हौस हिच्या बाजूला. हिच्या खिडकीतून दिसत होता तांबडा डोंगर, काजूची झाडं आणि कुणाच्या तरी कंपाउंडचा गडगा.

मग सुरू झालं. हिचा डावा हात डॅशबोर्डवर, उजवं कोपर माझ्या बरगडीत आणि मोबाइल माझ्या डोळ्यांपुढे.

"जरा मागे सरा ना. तुमचं नाक येतंय फोटोत."

"अगं, समोर वळण आहे!"

"एकच सेकंद."

कोकणातल्या रस्त्यावर त्या एका सेकंदात वळणाआडून एसटी येते. ड्रायव्हरने शांतपणे अर्धी गाडी साइडपट्टीवर घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा शिवी परवडली असती. त्या अख्ख्या दिवसात मी समुद्र पाहिला तो हिच्या मोबाइलवर. "हे बघा काय सुंदर आलंय," म्हणून ती तो पुढे धरायची तेव्हा, आणि तेही चालत्या गाडीत.

दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीवर फेरीबोट लागते. गाडीसकट माणसं पलीकडे धोपाव्याला. कल्पना मोठी रम्य आहे. पण माझी पाळी आली तेव्हा बोटीवरचा पोरगा म्हणाला, "काका, रिव्हर्स घ्या." आयुष्यात मी गाडी रिव्हर्स घेतली ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तीही वॉचमन उभा असताना. इथे मागे शेवाळलेला उतार, त्याच्यापुढे लोखंडी फळी, फळीच्या दोन्ही बाजूंना खाडी. "येऊ द्या, येऊ द्या, थोडी डावीकडे... अजून... बास!" पोराचं "बास" आणि टायरखालच्या फळीचा "धडाम" एकदमच झाले. माझ्या शर्टाची पाठ भिजली होती. ही आधीच उतरून, बोटीवर चढून, वरून माझा व्हिडिओ काढत होती. तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, आणि मेहुण्याने त्याला हसण्याच्या अकरा बाहुल्या लावल्या.

पुढे गुहागरला मोदक खाल्ले, हेदवीच्या गणपतीला हात जोडले. तवसाळ ते जयगड ही दुसरी फेरी. तिथे मी किल्लीच त्या बोटवाल्याच्या हातात दिली. स्वाभिमान वगैरे दाभोळच्या खाडीत सोडून आलो होतो.

अखेर थिबा राजवाडा. टेकडीवरची तांबूस, प्रशस्त इमारत. जांभा दगड, सागवान, उतरती छपरं, कमानदार खिडक्या. इंग्रजांनी 1885 मध्ये उरलेला ब्रह्मदेश घेतला आणि पुढच्या वर्षी तिथल्या थिबा राजाला राणी-मुलींसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला त्यांनी रंगूनला पाठवलं होतंच. दिल्लीचा तिकडे, तिकडचा इकडे. सरकारी नोकरीत मी बदल्यांच्या बऱ्याच तऱ्हा पाहिल्या, पण यापुढे आमचं खातं किरकोळ.

राजा इथे आला 1886 मध्ये आणि या वाड्यात राहायला आला 1910 मध्ये. मी बोटांवर मोजलं.

"चोवीस वर्षं!" मी म्हणालो. "पझेशनला चोवीस वर्षं! आणि तू चार वर्षांत त्या बिल्डरला रडकुंडीला आणलं होतंस."

"राजाच्या बाजूने जाब विचारणारं कुणी नव्हतं म्हणून," ही म्हणाली. 1916 मध्ये थिबा गेला. जेमतेम सहा वर्षं मिळाली त्याला या घरात. ही एका खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली, आणि नवल म्हणजे फोटो न काढता.

बाहेर पडताना बाकावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "खंयसून इलात?" नाशिक म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "वा! तुमच्याकडे पेशव्यांचा सरकारवाडा आहे ना? आतून कसा आहे हो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जन्म नाशिकचा. सराफ बाजारातून हजार वेळा गेलेलो. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की सरकारवाड्याच्या किती पायऱ्या पाण्यात गेल्या हे छातीठोक सांगणारा मी. पण त्या पायऱ्या चढून आत?

"पायऱ्या... दगडी आहेत," मी म्हणालो.

हिने मला कोपराने ढोसलं. त्याच जागी. बरगडी अजून दुखत होती.

परतीचा रस्ता तोच ठरला होता, कारण आता समुद्र डाव्या हाताला, हक्काने हिच्या बाजूला येणार होता. सकाळी घावणे-चटणीवर ताव मारून निघालो. हिने काच खाली केली, मोबाइल पुसला, चष्मा बदलला. आरे-वारेच्या चढावर आलो आणि खाली दोन्ही किनारे एकदम उघडले. निळं पाणी, पांढरी रेघ, सुरूची झाडं. मी म्हणालो, "बघ!"

उत्तर नाही. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, मांडीवर मोबाइल.

मी गाडी हळूच कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा समुद्र बघायला लागलो. दोन मिनिटं झाली असतील.

"अहो," डोळे न उघडता ही म्हणाली, "थांबलात कशाला? नाशिक गाठायचंय ना?"