दिबा कोण, असं आज विचारणाऱ्यांना

आज 8 ऑक्टोबर 2025. आमच्या नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. दिवसभर फोनवर तेच व्हिडिओ फिरतायत, कमळाच्या पाकळ्यांसारखं छत, चकाचक फरशी, रोषणाई. मीही बघितले. मनापासून बघितले, कारण त्या फरशीखाली माझं आजोळ आहे.

आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "बरं झालं कुणाचं नाव नाही दिलं. बाहेरच्या देशातून येणाऱ्या माणसाला दि. बा. पाटील कोण हे काय कळणार? लोकल पुढाऱ्यांची नावं एसटी स्टँडला ठीक आहेत." खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यातली काही माणसं मला रोज लिफ्टमध्ये भेटतात. माझ्याकडून गणपतीत तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं हक्काने मागून नेतात.

दि. बा. पाटील म्हणजे आमचे दिबा, आमच्या जमिनींसाठी लढलेले, आणि विमानतळाला त्यांचं नाव द्यावं ही आमची जुनी मागणी. तिथे उत्तर टाइप केलं आणि पुसलं. इथे लिहिते, इथे माझी माणसं आहेत. पोस्ट मोठी होणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

पहिली गोष्ट. टोरंटोला मुलाकडे जाताना तुम्ही पिअर्सन विमानतळावर उतरता. लेस्टर पिअर्सन कोण होते हे विचारून उतरता का? ते कॅनडाचे पंतप्रधान होते. शिकागोचा ओ'हेअर कोण, हे विचारून तिकीट काढता का? नाही ना? तिथल्या लोकांना तो माणूस आपला वाटला, त्यांनी नाव दिलं, आपण मुकाट्याने ते नाव पाठ केलं. मग आमचा माणूस आला की लगेच "कोण हा?" का? ज्यांना माहीत नाही त्यांनी माहिती करून घ्यावी. नाव त्यासाठीच तर लावतात.

आता आजोळाचं सांगते. विमानतळासाठी दहा गावं उठली. वरचा ओवळा, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वाघिवली, वाघिवली वाडा, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. त्यातल्या एका गावात माझ्या आईचं माहेर. पुढे भातशेती, मागे खाडी, उलव्याचा डोंगर अंगावर आल्यासारखा जवळ. तो डोंगर सुरुंग लावून कापला, नदी वळवली. हे सगळं आम्ही लांब उभं राहून बघितलं.

गाव सोडायचं ठरलं तेव्हा लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी उतरवली. कौलं, वासे, खिडक्या, जे परत वापरता येईल ते टेम्पोत भरायचं. मामाही सकाळपासून लागला होता. सगळं उतरवून झालं आणि शेवटी दारावरची पाटी राहिली. निळ्या पत्र्याची, पांढऱ्या अक्षरांत आजोबांचं नाव लिहिलेली. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. टेम्पोवाला घाई करत होता. मामाने सगळ्यांना थांबवलं, खिळे एकेक करून काढले, पाटीचा पत्रा वाकू दिला नाही, मग आपल्या उपरण्यात गुंडाळून ती मांडीवर घेऊन बसला. आज पुष्पकनगरमध्ये, उठलेल्या गावांसाठी वसवलेल्या वस्तीत, मामाचं नवं घर आहे, संगमरवरी जिना आहे, आणि दारावर ती जुनी गंजकी पाटी आहे. मामाच्या सुनेने एकदा म्हटलं, आता तुमच्या नावाची नवी करू या. मामा म्हणाला, "जमीन त्याची व्हती, बाय. मना घर मिललं ते त्याच्यामुले."

मला या विषयात जे काही म्हणायचं आहे ते मामाने त्या दोन वाक्यांत म्हणून ठेवलंय. मी फक्त लांबवतेय.

कारण मामाला पुष्पकनगरचा प्लॉट कुणामुळे मिळाला? सरकार उदार झालं म्हणून नाही. 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी गेल्या. शेती गेली, मिठागरं गेली. पैसे किती आणि कधी, याचा पत्ता नाही. आगरी, कोळी, कराडी माणूस कोर्टकचेरीला घाबरणारा, सही करायची तर अंगठा पुढे करणारा. तेव्हा उरण तालुक्यातल्या जासईचा एक शिक्षकाचा मुलगा, वकील झालेला, शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा घेऊन उभा राहिला. तेच दिबा. पनवेलमधून पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेता. आणि तरीही गावच्या ओट्यावर बसून लोकांचे सातबारे वाचणारा.

1984 च्या जानेवारीत जासई परिसरात जमिनींसाठी लढणाऱ्या लोकांवर पोलिसांचा गोळीबार झाला. 16 आणि 17 तारीख. पाच जण गेले. चिर्ले, धुतूम, पागोटे, या गावांतली साधी शेतकरी माणसं. मामा तेव्हा तरणा होता, त्या गर्दीत होता. तो त्या दिवसाबद्दल जास्त बोलत नाही, एवढंच सांगतो की भाताच्या खाचरांतून पळताना पायातली चप्पल गेली आणि घरी आला तेव्हा आजोबा दारात उभे होते. त्याच दारात, त्याच पाटीखाली.

त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. आज भूसंपादनाच्या गोष्टी करताना सगळे "विकासात भागीदारी" असे मोठे शब्द वापरतात ना, ते इथे माणसं मरून मिळवलेलं आहे. विमानतळाच्या गावांना साडेबावीस टक्के मिळाले, तेही त्याच पायावर. तुमच्या-आमच्या कितीतरी सोसायट्या साडेबाराच्या प्लॉटवर उभ्या आहेत, हो, आमचीसुद्धा! ज्या प्लॉटच्या कागदावर बिल्डरने आपल्याला फ्लॅट विकला, त्या कागदाचा बाप म्हणजे दिबा. आणि त्याच इमारतीत बसून विचारतात, दिबा कोण.

जरा थांबले होते, पाणी प्यायले. पुढे लिहिते.

मृत नेत्यांची नावं देण्याच्या मी सरसकट विरोधात नाही, बाजूनेही नाही. मला राग आहे तो एकाच गोष्टीचा. वरून ठरवून आणलेल्या नावाचा. आमच्या उरणचंच बघा. न्हावा-शेवाला बंदर झालं 1989 मध्ये, नाव जवाहरलाल नेहरूंचं. नेहरू मोठे, वादच नाही. पण त्या बंदरासाठी उठवलेला शेवा कोळीवाडा अजून नीट बसलेला नाही, वाळवीने पोखरलेल्या घरांसाठी ती माणसं वर्षानुवर्षं भांडतायत. त्या बंदरात त्यांच्या नावाचं काय आहे? मग समुद्रावरून पूल आला, शिवडी ते न्हावा-शेवा, 2024 च्या जानेवारीत सुरू झाला. नाव अटलजींचं. अटलजीही मोठे. पलीकडे वांद्र्याचा सागरी सेतू राजीव गांधींचा, समृद्धी महामार्ग बाळासाहेबांचा. ज्याची सत्ता त्याचं दैवत, आणि जमीन मात्र दर वेळी आमची किंवा आमच्यासारख्याच कुणाची. दिल्लीच्या माणसाचं नाव न्हावा-शेवाला लागू शकतं, मग जासईच्या माणसाचं नाव जासईपासून हाकेच्या अंतरावर लागायला एवढं जड का जातं?

2021 ची आठवण आहे ना सगळ्यांना? एप्रिलमध्ये सिडकोने ठराव केला, विमानतळाला बाळासाहेब ठाकरेंचं नाव. माझं बाळासाहेबांवर प्रेम आहे. आमच्या घरात त्यांचा फोटो होता, मुंबईत मराठी माणूस ताठ मानेने उभा राहिला त्यात त्यांचा वाटा आहे, हे मी कुणाहीपुढे म्हणेन. पण त्यांच्या नावाची इथे गरज नव्हती. मुंबईत त्यांच्यासाठी जागा कमी आहेत का? त्या वेळी 10 जूनला मानवी साखळी झाली, आणि 24 जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडकोवर माणसांचा समुद्र आला. करोनाचे दिवस. मामाला दम्याचा त्रास, आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून नको म्हटलं. गेला. दोन मास्क लावून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा आवाज बसलेला, पण चेहरा असा की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. पक्ष कुठला, हे तिथे कुणी कुणाला विचारलं नाही. ज्यांची आपसात तोंडं बघायची तयारी नसते ती गावं त्या दिवशी एका रांगेत उभी होती.

मग काय झालं? 29 जून 2022 ला जाता जाता ठाकरे सरकारने दिबांच्या नावाचा निर्णय घेतला. जुलैमध्ये नव्या सरकारने तोच निर्णय परत घेतला. ऑगस्टमध्ये विधिमंडळाने ठराव केला, एकमुखाने. पुढे प्रस्ताव दिल्लीला. विमानतळाचं नाव शेवटी केंद्र सरकार ठरवतं, ही पद्धत आहे, मान्य. पण तीन वर्षं? तीन वर्षांत धावपट्टी झाली, टर्मिनल झालं, कोड मिळाला, आज उद्घाटन झालं, आणि एक नाव होत नाही?

पंतप्रधानांनी आज भाषणात दिबांची आठवण काढली. ते ऐकून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. आई तर टीव्हीसमोर हात जोडून उभी राहिली. पण भाषण संपलं की संपलं. पाटी राहते.

"नावाने पोट भरतं का? आधी भूमिपुत्रांना नोकऱ्या मागा," असंही कुणीतरी त्या ग्रुपवर लिहिलंय. बरोबर आहे. नोकऱ्या हव्यातच. आमच्या पोरांना लोडर आणि हाउसकीपिंगपुरतं ठेवलं तर दिबांचं नाव लावूनही आम्ही हरलोच. पण दोन्ही मागता येतं की. एक मागितलं की दुसरं सोडायचं, हे कुणी ठरवलं?

आणि हो, पुढाऱ्याचं नाव दिलं की वाद होतातच, हेही खरं आहे. गोव्यात मोपाच्या विमानतळाला मनोहर पर्रीकरांचं नाव लागलं तेव्हा भाऊसाहेब बांदोडकरांचं का नाही म्हणून लोक भांडले. दोघंही गोव्याचेच. तसला वाद मला चालतो. घरातल्या दोन थोरांपैकी कुणाचा फोटो आधी लावायचा, एवढ्यापुरता तो असतो. कोल्हापूरकर विमानतळाला राजाराम महाराजांचं नाव मागतात, कारण 1939 मध्ये तिथे विमान उतरलं ते त्यांच्यामुळे. नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेबांचं नाव आहे, आणि दीक्षाभूमीच्या शहरात ते नाव नसतं तर शहर अपुरं वाटलं असतं. या नावांना त्या जागेत मूळ आहे. विमानातून उतरणाऱ्याने कधी विचारलंच, तर टॅक्सीवालासुद्धा दोन वाक्यांत सांगू शकतो की हे नाव इथे का.

आमच्या विमानतळाबाहेरचा टॅक्सीवाला काय सांगेल? जर पाटीवर फक्त "नवी मुंबई" असेल तर काहीच नाही सांगणार. नवी मुंबई हे नाव आमचंही आहे, मी त्याच्यावर रागावलेले नाही. पण नवी म्हटलं की वाटतं इथे आधी काही नव्हतंच. मोकळी जमीन होती, सिडको आली, शहर झालं. तसं नव्हतं. इथे जिताडा मासा पोसला जात होता शेततळ्यांत. इथे होळीला रात्रभर ढोल वाजायचे, गावदेवीच्या जत्रेला मुंबईहून माणसं बोटीने यायची असं आजी सांगायची. तिच्या लग्नाची वरात होडीतून आली होती. तिथे आता विमानं उभी राहणार. राहू देत. माझा लेक त्याच विमानतळावरून कधीतरी परदेशी जाईल, आणि मला त्याचा आनंदच होईल. मामालाही होईल. आम्ही विकासाच्या आड कधी आलो? आम्ही तर जमीन दिली.

म्हणून माझं म्हणणं नावाशी थांबत नाही. डिसेंबरात पहिलं प्रवासी विमान उडणार असं म्हणतात. त्याच्या आत दर्शनी भागात "लोकनेते दि. बा. पाटील" ही अक्षरं लागली पाहिजेत, मराठीत, मोठी, पूर्ण. आद्याक्षरांत गुंडाळून टाकलेली नकोत. टर्मिनलच्या आत, सामानाच्या पट्ट्यांजवळ, जिथे माणूस दहा मिनिटं रिकामा उभा असतो तिथे, त्या दहा गावांची नावं लिहा. कुठलं घर कुठे होतं त्याचा नकाशा लावा. मामाच्या वयाची माणसं अजून आहेत, त्यांना बोलवा, ती बोट ठेवून दाखवतील की इथे विहीर होती, इथे देऊळ, इथे आमची खळी. ती गेली की हे सांगणारं कुणी उरणार नाही. आणि 1984 च्या पाच हुतात्म्यांची नावं लावा. त्यांच्या घरच्यांना उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या रांगेत खुर्ची द्यायला हवी होती.

कमेंटमध्ये लिहा, विरोधात असाल तरी लिहा. पण "लोकल नेता" हा शब्द तुच्छतेने वापरलात तर मी कमेंट उडवीन, आधीच सांगते. पक्षांची भांडणंही इथे नकोत, ती 24 जूनला बेलापूरच्या रस्त्यावर नव्हती.

येत्या 13 जानेवारीला दिबांच्या जन्माला शंभर वर्षं होतायत. मी आई-मामाला घेऊन जासईला जाणार आहे. पनवेल, खारघर, उलवे, कुठूनही कुणाला यायचं असेल तर कळवा, गाड्यांचं जमवू.