200 रुपयात 1 किलोमीटर जाणारं रॉकेट? त्या फॉरवर्डला एकेक करून उत्तर

मागच्या आठवड्यात तो मेसेज मला 11 ग्रुपांवर आला. भाऊबंदांचा ग्रुप, शाळेची बॅच, केळीच्या बाजारभावाचा ग्रुप, सगळीकडे. मामांनी तर पर्सनलला टाकला आणि खाली लिहिलं, "भाच्या, तुझ्या कामाचं बघ". मी आणि दोनचार मित्र जळगावकडे पोरांचा रॉकेट क्लब चालवतो हे नातेवाइकांना माहीत आहे, त्यामुळे रॉकेट शब्द असलेली प्रत्येक गोष्ट माझ्याकडे येतेच, अगदी दिवाळीच्या फटाक्यांची भावपत्रकंसुद्धा.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेसेजचं म्हणणं असं की घरच्या घरी 200 रुपयात खरं रॉकेट बनतं, 1 किलोमीटर वर जातं, इंधन खताच्या दुकानातून आणि किचनमधून मिळतं, बॉडीला पीव्हीसी पाईप घ्या, पॅराशूट जळू नये म्हणून "आपला खान्देशी कापूस" भरा, वात लावा आणि पळा. खेळणंच आहे म्हणून परवानगी लागत नाही. वरून भास्कराचार्यांच्या भूमीतल्या मुलांनी हे केलंच पाहिजे, आणि व्हिडिओ पाठवला तर इस्रो सर्टिफिकेट देतं. सोबत एक व्हिडिओ.

पोरांना रॉकेटचं वेड लागावं असं मलाही वाटतं, तेवढ्यासाठीच तर रविवार घालवतो. पण यातली एकही गोष्ट धड नाही भो, आणि दोनतीन गोष्टी बोटं घालवणाऱ्या आहेत, म्हणून बसलो लिहायला.

"1 किलोमीटर जातं"

त्याच व्हिडिओवर घड्याळ लावून बघा. रॉकेट सुटल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत 9 सेकंद आहेत. मधे कट नाही, पॅराशूट उघडलेलं नाही, दगडासारखं खाली आलंय. आता हिशोब करा, हे सगळेच्या सगळे 9 सेकंद नुसतं खाली पडायला लागले असं धरलं, म्हणजे वर जायला शून्य सेकंद, आणि हवेचा अडथळाही सोडून दिला, तरी उंची 400 मीटरच्या आत येते. आणि निम्मा वेळ वर जाण्यात, निम्मा खाली येण्यात असं धरलं तर फक्त 100 मीटर. नुसतं 1 किलोमीटरवरून पडायलाच 14 सेकंदांच्या वर लागतात, हे दहावीच्या पोराला पण काढता येतं.

दुसरं म्हणजे व्हिडिओत रॉकेट शेवटपर्यंत ठळक दिसतंय. फूटभर लांबीची वस्तू 1 किलोमीटरवर गेली की चांगल्या नजरेच्या माणसाला ती जेमतेम एक ठिपका म्हणून दिसेल न दिसेल, तिथे मोबाईलच्या कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात.

आम्ही उंची कशी मोजतो ते सांगतो, 10 रुपयाचं काम आहे. कंपासपेटीतला चांदा घ्यायचा, मधल्या भोकातून दोरा ओवून खाली एक नट बांधायचा, सरळ कडेला रिकाम्या रिफिलची नळी चिकटवायची. लाँचरपासून 30 मीटर मोजून एक पोरगी तिथे उभी राहते, नळीतून रॉकेट बघत बघत वर जाते, रॉकेट टोकाला पोचलं की दोरा चांद्यावर बोटानं दाबून धरते. मागच्या वेळी दोरा 90 च्या खुणेपासून 50 अंश सरकला, म्हणजे रॉकेट 50 अंशांवर. 50 चा टॅन 1.19, गुणिले 30, म्हणजे 36 मीटरच्या आसपास, त्यात तिच्या डोळ्याची उंची मिळवली की 37. साधारण 12 मजली बिल्डिंग. ते 37 वहीत लिहिताना पोरांचे चेहरे बघा, तुमचा 1 किलोमीटर तिथे फिका पडतो.

"इंधन घरीच बनवा, एकदम सोपं"

नाही. इथे मी कशात काय मिसळायचं ते लिहिणार नाही, आणि ज्या ग्रुपवर ते प्रमाणासकट फिरतंय तिथल्या ॲडमिनला हात जोडून सांगतो, डिलीट करा.

हे नवीन नाहीये. 4 ऑक्टोबर 1957 ला रशियानं स्पुटनिक उपग्रह सोडला आणि अमेरिकेतली शाळकरी पोरं वेड्यासारखी तळघरात, गॅरेजमध्ये इंधनं शिजवायला लागली. कोणाची बोटं गेली, कोणाचे डोळे, काहींचे जीवही गेले. आजचा मॉडेल रॉकेटचा छंद उभा राहिला तो असल्या प्रकारांवर उतारा म्हणून. नेब्रास्कात ऑरव्हिल कार्लाईल नावाचा बुटांचं दुकान चालवणारा माणूस होता, त्याला दारूकामाचा नाद, आणि भावाला मॉडेल विमानांचा. या भावांनी कागदाचं हलकं रॉकेट काढलं ज्यात आधीच तयार केलेली छोटी मोटर बसते आणि एकदाच वापरून फेकायची. ते त्यांनी हॅरी स्टाईन या व्हाईट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम करणाऱ्या माणसाला पाठवलं. स्टाईननं 1957 मध्येच मॉडेल रॉकेटची कंपनी आणि संघटना दोन्ही सुरू केल्या, पुढे व्हर्न एस्टेस यांनी या मोटरी बनवायचं ऑटोमॅटिक मशीनच उभारलं. म्हणजे या छंदाचा पहिला नियमच हा आहे की मोटर घरी बनवायची नाही, आणि फॉरवर्डची सुरुवात तिथूनच!

कारखान्याच्या मोटरवर काय लिहिलेलं असतं बघा. समजा सी 6-5. सी म्हणजे एकूण रेटा जास्तीत जास्त 10 न्यूटन-सेकंद, पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट. 6 म्हणजे सरासरी 6 न्यूटन जोर. 5 म्हणजे जळून संपल्यावर 5 सेकंद थांबून पुढच्या बाजूला छोटा भडका, त्यानं पॅराशूट बाहेर ढकललं जातं. हे तीन आकडे माहीत असतात म्हणून रॉकेटचं वजन ठरवता येतं, 6 न्यूटनवर शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. घरी शिजवलेल्या इंधनाचा एक तरी आकडा तुमच्याकडे आहे का? एकदा फुस्स होईल, पुढच्या वेळी त्याच भांड्यातलं फुटेल.

आणि हो, वरणगाव-भुसावळ पट्ट्यात ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी केलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांना विचारा, असला माल गॅसच्या शेगडीवर ढवळायला ते तयार होतील का.

"पीव्हीसी पाईप किंवा लोखंडी नळी, मजबूत होतं"

मजबूत म्हणजे फुटल्यावर तुकडे पण मजबूत. मॉडेल रॉकेटचं नाक, अंग, पंख हे कागद, लाकूड, रबर, प्लास्टिक असल्या हलक्या वस्तूंचेच असले पाहिजेत, धातू नाही, आणि मोटर ज्याच्या आत बसवायची तो पीव्हीसीही नाही, कारण तो तडकून धारदार कपच्या उडतात. पुठ्ठ्याची नळी मात्र उलगडते, चुरगळते आणि विषय संपतो. आम्ही लग्नपत्रिकांचा पुठ्ठा वापरतो. मे महिन्यानंतर कच्चा माल भरपूर.

यात एक गंमत सांगतो, मग "जितकं हलकं तितकं उंच" असंही नसतं. थर्माकोलचा गोळा आणि लेदर बॉल सारख्याच जोरानं वर फेका, कोण वर जातो? अति हलकं रॉकेट मोटर संपताच हवेत अडकतं. मधलं एक वजन असतं जिथे सगळ्यात जास्त उंची मिळते, आणि ते शोधत आमचे दोन पावसाळे गेले.

टोकदार नाकाचंही तसंच. आवाजापेक्षा कमी वेगाला गोलसर नाकच बरं, सुईसारखं टोक फक्त डोळ्यात जायला उपयोगी.

"पंख कसेही लावा, नुसते दिसायला असतात"

हे वाचून मी चहा सांडला. दिवाळीच्या रॉकेटला लांब काडी का असते? तीच त्याला सरळ ठेवते. काडी काढली की ते काम पंखांचं. रॉकेटचा तोल जिथे साधतो तो बिंदू पुढे पाहिजे आणि हवेचा दाब जिथे एकवटतो तो मागे, दोघांत निदान नळीच्या व्यासाएवढं अंतर. उलटं झालं की रॉकेट गोल फिरून तुमच्याकडेच येतं. तपासायची पद्धत सोपी, उडवायच्या तयारीतलं रॉकेट तोलाच्या जागी दोरीला बांधायचं आणि गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास. गिरक्या खाल्ल्या तर नाकात थोडी माती भरा किंवा पंख मोठे करा.

"पॅराशूटखाली कापूस भरा"

बघा, खान्देशी माणसाला कापूस म्हटलं की बरं वाटतं, पण हा जळतो हो! मोटर संपल्यावरचा तो छोटा भडका पॅराशूटला लागू नये म्हणून मधे न पेटणारा कागद किंवा तसंच काही लागतं. कापूस भरला तर तो पेटलेला बोळा वरून खाली येणार, कुठे, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या ढिगावर. कोणाचं शेत पेटलं तर लोक सगळ्या क्लबवाल्यांना दोष देतील आणि त्यात त्यांचं चूक काहीच नाही.

पॅराशूट "जितकं मोठं तितकं भारी" हेही फॉरवर्डमध्ये आहे आणि हे आम्ही स्वतः भोगलंय. पहिल्या वर्षी कौतुकानं ऐसपैस पॅराशूट लावलं. 150 मीटरवरून सेकंदाला 3 मीटरनं उतरायचं म्हणजे 50 सेकंद हवेत, आणि वारा सेकंदाला 5 मीटर, म्हणजे पाव किलोमीटर लांब. गेलं ते थेट एका आबांच्या केळीच्या बागेत. पोरं मागे धावली आणि ठिबकच्या दोन नळ्यांवर पाय देऊन जोड निसटवले. आबा हातात आमचं रॉकेट घेऊन बांधावर उभे, "भाऊ, हाई काय शे?" मी समजावून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले आधी नळ्या जोडा. जोडल्या. आता पॅराशूटला मधे भोक असतं, वारा जास्त असेल तर पॅराशूटऐवजी नुसती लांब पट्टी, आणि उडवायच्या आदल्या दिवशी आबांना फोन.

"वात लावा आणि पळा"

वात नाही. वायर, बॅटरी आणि बोट उचललं की आपोआप बंद होणारं बटण, काढून खिशात ठेवायची किल्ली वेगळी. लहान मोटरीला 5 मीटर लांब उभं राहायचं, मोठीला 9. बटण दाबून काही झालं नाही तर किल्ली काढायची आणि पूर्ण 60 सेकंद कोणी जागचं हलायचं नाही. विझली वाटते म्हणून वाकून बघायला गेलेला एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो, आमच्या गल्लीतल्या त्या काकांच्या भुवया नंतर उगवल्या.

"खेळणं आहे, परवानगी लागत नाही"

1884 चा स्फोटक कायदा उघडून बघा, स्फोटकांच्या व्याख्येत फटाक्यांच्या शेजारी रॉकेट हा शब्द सरळ लिहिलेला आहे. त्याखाली 2008 चे नियम आहेत आणि ते बघणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. दुकानातून फटाका आणून वाजवणं वेगळं आणि दारू बनवणं वेगळं, बनवायला लायसन लागतं. पोराच्या हौसेपायी बापाला पोलीस स्टेशन, असला प्रोजेक्ट कशाला.

म्हणून आमची दहातली नऊ उड्डाणं पाण्याची असतात. हसू नका. 2 लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, रबरी बूच, सायकलचा पंप, 60 पीएसआयपर्यंत हवा आणि लांबून दोरी ओढायची. बाटली कोल्ड्रिंकचीच पाहिजे, ती आतल्या गॅसचा दाब सोसायला बनवलेली असते, साध्या पाण्याची पातळ बाटली नाही चालत. तिला गरम गोंद लावायचा नाही, उष्णतेनं प्लास्टिक कमजोर होतं, आणि पांढरट चरा दिसला की बाटली बाद. एकदा पोरांना मुद्दाम बिनपाण्याची सोडून दाखवा, जेमतेम उडी मारते. मग पाणी घालून सोडा. खाली जड काहीतरी फेकलं तर वर जास्त जोर मिळतो हे फळ्यावर तीन तास सांगून कळत नाही ते इथे भिजून कळतं.

इस्रोचं सर्टिफिकेट आणि भास्कराचार्य

व्हिडिओ पाठवला म्हणून इस्रो कोणाला सर्टिफिकेट देत नाही. त्या लिंकवर 99 रुपये मागतात, भरू नका. पोरगं नववीत असेल तर इस्रोचा युविका नावाचा कार्यक्रम आहे, 2019 पासून चालू, त्याची माहिती इस्रोच्याच साईटवर बघा.

आणि भास्कराचार्यांना कशाला मधे आणता. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, त्याचा 1207 चा शिलालेख तिथे आहे. मठ गणित आणि ज्योतिष शिकायला काढला होता. त्यांचं नाव घ्यायचंच असेल तर तो चांदा आणि नट घेऊन या.

येत्या रविवारी सकाळी 7 ला आहोत, नऊनंतर वारा उठतो आणि ऊन पण. येताना कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या आणा, झाकणासकट. मामांचा हे वाचून फोन आला, म्हणाले मग मी तो पीव्हीसी पाईप विकत आणलाय त्याचं काय करू? म्हटलं घेऊन या, लाँचरच्या स्टँडला चार पाय लागतातच.